तळं खणताना माप मे महिन्याचं घ्या

वाचक भगिनीचं पत्र:

भाऊ, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आमचं घर आहे. घरामागच्या वाडीत कडुनिंबाखाली मोकळी जागा होती. मागच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास मी तिथे हौसेने छोटं तळं बांधून घेतलं. दहा फूट लांब, सात फूट रुंद, अडीच फूट खोल, विटा-सिमेंटचं. वीसेक रंगीत मासे सोडले. नातवाचा हात धरून रोज मुरमुरे टाकायचे. एप्रिल लागला आणि भिंतीला तडे गेले. पाणी रोज उतरायला लागलं, उरलं ते हिरवंगार झालं, वास सुटला आणि एका सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. पावसाळ्यात डास इतके झाले की आरोग्य खात्याच्या आशाताईंनी येऊन “हे रिकामं करा” म्हणून बजावलं. आमची विहीर मे महिन्यात तळाला जाते. शेजारच्या बाया म्हणतात, इथं माणसाला पाणी नाही अन् ही बेडकं पाळते. घरात दीड वर्षाचा नातू आहे. सासूबाई म्हणतात, बुजवून टाक, साप येतील. पुन्हा त्याच म्हणतात, ठेवणारच असशील तर अष्टमीचा आपला कान्होबा त्यातच शिरवू, म्हणजे विसर्जन करू. आमचे हे काही बोलत नाहीत. भाऊ, मला मात्र तळं हवं आहे. सकाळी चहा घेऊन तिथे बसलं की दिवस चांगला जातो. दुरुस्त करू की बुजवू?

ताई, नमस्कार.

जुनं बुजवा आणि नवं खणा. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो. पण सगळ्यात आधी नातवाचं बोलू, कारण तुमच्या पत्रात तो शेवटाकडे आला आहे आणि माझ्या लेखी तो पहिला आहे.

दीड वर्षाच्या लेकराला बुडायला खोल पाणी लागत नाही. वीतभर पाण्यात तोंडावर पडलं तरी त्याला उठता येत नाही, आणि आवाजही होत नाही. शेततळ्याच्या निसरड्या प्लास्टिकवरून पाय घसरून मोठी माणसं गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. म्हणून नव्या तळ्याच्या तोंडावर लोखंडी जाळी बसलीच पाहिजे. गावातल्या किंवा तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलची चौकट करून घ्या, तिच्यावर दोन इंची चौकोनांची जाड जाळी, उचलायला सोपी जावी म्हणून दोन भागांत. तुम्ही स्वतः तिच्यावर उभ्या राहून बघा. वाकली तर परत पाठवा. कमळाची गुंडाळलेली पानं तिच्यातून वर येतात, बेडूक आणि चतुरही जातात-येतात. जाळीच्या बाहेर बांबूच्या ताट्यांचं कुंपण हवं, आणि त्याच्या दाराची कडी मोठ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. हे कुंपण खड्डा खणायच्या दिवसापासून उभं राहिलं पाहिजे, पाणी भरल्यावर नाही. यंदा जाळीचा खर्च झेपत नसेल तर तळंच पुढच्या वर्षावर ढकला. नातू पोहायला शिकेपर्यंत ती जाळी कायमची काढू नका.

आता तळ्याकडे येऊ. ताई, तुमच्या गवंड्याने काम वाईट केलं असं मला वाटत नाही. त्याने तळं ऑगस्टसाठी बांधलं. आपल्याकडे तळ्याची परीक्षा ऑगस्टमध्ये होत नाही, ती मे महिन्यात होते. जागा, खोली, झाडं, मासे, काहीही ठरवायचं असेल तर एकच प्रश्न विचारायचा: मे महिन्यात याचं काय होईल?

तडे का गेले ते बघा. काळी कन्हार माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या टाक्याच्या आतून पाण्याचा भार, बाहेरून मातीची कधी ओढ तर कधी रेटा, आणि मध्ये चार इंची विटेची भिंत. तिला वाकता येत नाही, म्हणून ती फुटते. माझं पहिलं टाकंही असंच सिमेंटचं होतं. दोन उन्हाळे मी पांढरा सिमेंट घेऊन त्याच्या भेगा भरत बसलो, आणि दर वेळी जुन्या भेगेच्या वीतभर बाजूला नवी भेग पडली. या मातीत ताठ वस्तू टिकत नाही. इथे मातीबरोबर हलणारं अस्तर लागतं.

दुसरी गोष्ट, भेग पडली नसती तरी तुमचं तळं मे अखेर कोरडंच पडलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात उघड्यावरचं पाणी दिवसाला साधारण एक सेंटिमीटर हवेत उडतं. महिन्याला झालं एक फूट. फेब्रुवारीपासून पहिला पाऊस येईपर्यंत धरलं तर अडीच फुटांहून जास्त पाणी नुसतं उन्हात जातं, आणि तुमच्या टाक्याची खोलीच अडीच फूट. दहा बाय सात म्हणजे सत्तर चौरस फूट. तेवढ्या पसाऱ्यावर एक सेंटिमीटर म्हणजे रोजचे ६५ लिटर, चार बादल्यांहून जास्त. शेजारणींचं बोलणं तुम्हाला लागलं असेल, पण ज्या गावात विहीर तळाला जाते तिथे रोज चार बादल्या पाणी तळ्यात ओतणं बरोबर नाही. त्या बायांचं बरोबर आहे.

पाणी गळतं आहे की उडतं आहे हे कळायचा एक सोपा उपाय सांगून ठेवतो, पुढेही कामी येईल. एक बादली पाण्याने भरून तळ्यातल्याच पायरीवर अशी ठेवा की तिचं तोंड पाण्याच्या वर राहील. बादलीच्या आत आणि तळ्याच्या काठावर पाण्याच्या पातळीची खूण करा. दोन दिवसांनी दोन्ही सारखंच उतरलं असेल तर उन्हाचं काम. तळं जास्त उतरलं असेल तर कुठेतरी भोक आहे.

तर मग नवं तळं कसं? मे महिन्यात त्याला लहान होऊ द्यायचं, हे माझं उत्तर. नदी काय करते? उन्हाळ्यात पात्र सोडते आणि डोहात जाऊन बसते. मासे, कासवं, शंख सगळे तिच्यामागे डोहात जातात आणि पावसाची वाट बघतात. तुमच्या तळ्यालाही असा एक डोह द्या. वरचं तोंड तेच, दहा बाय सात. काठापासून फूटभर रुंदीची पहिली पायरी, आठ इंच खोल. तिच्या आत दुसरी पायरी, दीड फूट खोल. आणि मधोमध चार फूट बाय तीन फुटांचा डोह, त्याचा तळ वरून साडेतीन फुटांवर. पावसाळ्यात वरपर्यंत भरेल. जानेवारीनंतर पाणी उतरू लागलं की भर घालू नका, उतरू द्या. एप्रिलच्या सुमारास ते डोहाच्या तोंडाशी येईल. आता उघडं पाणी फक्त बारा चौरस फूट उरलं, आणि त्याला रोजची भर लागते ती अकरा लिटरांची. एक बादलीसुद्धा नाही.

ही बादलीही विहिरीची नको. तुमचं घर कवेलूचं असो की टिनाचं, चारशे चौरस फूट छत तर असेलच. तेवढ्या छतावर दहा सेंटिमीटर पाऊस पडला की पन्हाळीतून तीन हजार लिटरच्या आसपास पाणी हाती येतं, आणि हे तळं भरायला तेवढंच लागतं. तुमच्याकडे वर्षाला आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे जून-जुलैत तळं भरून वर कितीतरी वाहून जाईल. सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात त्यातलं सहाशे लिटर, दोनशे लिटरच्या तीन ड्रमांत, भरून ठेवा. एप्रिल मध्य ते जूनचा पहिला आठवडा, पन्नास-पंचावन्न दिवस डोहाला पुरेल एवढं ते पाणी आहे. ड्रम फवारणीच्या औषधाचे किंवा रसायनाचे नकोत, आणि झाकण घट्ट हवं. झाकण सैल राहिलं तर डासांना तिथे आयतं घर मिळतं. मोसमातल्या पहिल्या पावसाचं पहिलं पाणी, दहा-पंधरा मिनिटांचं, बाहेर जाऊ द्या. त्यात छतावरची धूळ आणि पाखरांची घाण असते. शेजारच्या बायांना हा हिशेब सांगा, ड्रम दाखवा. तुमच्या विहिरीचं थेंबभर पाणी तळ्यात जात नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर भागातल्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावं. तिथल्या विहिरीचं पाणी आधीच खारं असतं. ते तळ्यात ओतत राहिलं की पाणी उडतं, मीठ मागे उरतं, आणि दर वर्षी खारेपणा वाढत जातो. तिथे तर छताच्या पाण्याशिवाय दुसरी वाट नाही.

जागेचं बोलू. कडुनिंबाखाली तळं नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानगळ, पाठोपाठ बारीक फुलं, जूनमध्ये निंबोळ्या, हे सगळं पाण्यात पडून तळाशी कुजतं. तुम्हाला आला तो सडक्या अंड्यासारखा वास त्या कुजण्याचाच. पण कडुनिंब तोडायचा मात्र नाही, तो कामाचा आहे. त्याच्या खोडापासून पूर्वेला पंधरा फूट सरकून खणा. सकाळचं ऊन मोकळं मिळेल, कमळाला ते पाच-सहा तास हवंच असतं. आणि दुपार टळली की कडुनिंबाची सावली आपोआप पाण्यावर येईल. मार्च ते मृगापर्यंत वरून हिरवी जाळी बांधली तर उडून येणारी पानंही अडतील आणि पाणीही कमी उडेल.

खोदकाम आता, फेब्रुवारीतच करून घ्या. अजून मातीत ओल आहे. एप्रिलनंतर हीच माती दगडासारखी होते आणि कुदळ उसळते. खड्डा ठरल्या मापापेक्षा सगळीकडून अर्धा फूट जास्त काढा आणि तळाला, पायऱ्यांना, बाजूंना अर्धा फूट चाळलेला मुरूम ओला करून चोपा. मुरूम फुगत नाही आणि काळ्या मातीचा रेटा थोडा पचवतो. मे महिन्यात खड्ड्याच्या काठाला भेगा पडल्या तर त्यात दगडगोटे ठासू नका. पावसात माती फुगली की तिला जागा मिळत नाही आणि ती आत सरकते. भेगा तशाच राहू द्या, पाऊस पडला की मिटतील.

मुरमावर खताच्या रिकाम्या चुंगड्यांचे दोन थर अंथरा. जुन्या गोधड्या नकोत, सुती कापड वर्षभरात कुजतं. त्यावर शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, भारतीय मानक १५३५१ चा छाप बघून घ्या. पातळ ताडपत्री घ्यायचा मोह होईल. एका उन्हाळ्यात ती पापडासारखी मोडते. मापाचं गणित असं: लांबीत खोलीच्या दुप्पट आणि दोन फूट काठासाठी मिळवा. म्हणजे दहा, सात आणि दोन, एकोणीस फूट. रुंदीला सात, सात आणि दोन, सोळा फूट. एकोणीस बाय सोळाचा एकच अखंड तुकडा हवा. घरी जोड देऊ नका. कागद रोहिणीत, २५ मेनंतर अंथरा. आधीच अंथरून रिकामा ठेवला तर ऊन त्याला खातं, आणि अंथरून पावसात रिकामा राहिला तर खालून झिरपलेलं पाणी त्याला फुग्यासारखा वर उचलतं. ताणून बसवू नका, सुरकुत्या पडू द्या, माती हलली की त्या सुरकुत्या कामाला येतात. काठाला फूटभर खोल चर खणून कडा त्यात गाडा. पायऱ्यांवर दोन इंच मुरूम आणि चपटे दगड ठेवा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पाणी उतरल्यावर कागद उघडा पडत नाही. काठ अंगणापेक्षा चार इंच उंच ठेवा. गोठ्याचं, उकिरड्याचं वाहतं पाणी आत गेलं तर तळं पुन्हा हिरवं होईल.

माझ्या तळ्यात एका मे महिन्यात रात्री गोऱ्हा पाणी प्यायला शिरला आणि खुराने डोहाच्या काठालाच भोक पडलं. सकाळी बघतो तर डोहात चिखल, त्यात पाच-सहा मासे तडफडताहेत. तेव्हापासून मी कुंपण फक्त लेकरांसाठी आहे असं मानत नाही. मोकाट जनावरांसाठीही ते मजबूत हवं. आणि कुंपणाबाहेर गुरांसाठी एक टाकं भरून ठेवा.

जुन्या टाक्याचं काय? त्याच्या तळाला चार-पाच भोकं पाडा, माती आणि कुजलेलं शेणखत भरा आणि नव्या तळ्याचा सांडवा पाइपाने त्यात सोडा. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी लावा. त्यात धोपा (अळू), केळी, कर्दळ लावा. पावसाळ्यात तळ्यातून सांडणारं पाणी त्यांना मिळेल आणि वड्यांना धोप्याची पानं घरची होतील. सासूबाईंनी बुजवायला सांगितलं होतं, ते टाकं बुजलं.

पाणी हिरवं का होतं? ऊन आणि खत. मुरमुरे, कुजकी पानं, माशांची विष्ठा हे सगळं पाण्यातल्या बारीक शेवाळाला खत. असं झालं की बाया काय करतात, सगळं पाणी उपसून नवं भरतात. मग शेवाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. नवं तळं भरल्यावर तीन-चार आठवडे हिरवं राहणारच, हात बांधून बसा. तोवर झाडं जम धरतात, खत ती खातात, पानांची सावली पडते आणि पाणी निवळतं. दोन तृतीयांश पाणी पानांनी झाकलेलं असावं, त्याहून जास्त नाही. तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर, मोरचूद, रॉकेल, जळकं तेल यांतलं काहीही टाकू नका. मोरचुदाने शेवाळाबरोबर मासे आणि बेडूकमासेही मरतात.

झाडांत कुमुद सगळ्यात सोपं. काठाच्या पायरीवर वेखंड आणि ब्राह्मी, डोहात थोडं हायड्रिला. कमळ हवंच असेल तर बिनभोकाच्या पसरट घमेल्यात लावा. मोकळं सोडलं तर दोन वर्षांत सगळं तळं त्याचं होतं. जलपर्णी कितीही सुंदर फुलली तरी कोणाच्या तळ्यातून आणू नका. पाणकणीसही नको, त्याची मुळं कागद फोडतात, तसंच काठावरच्या नागरमोथ्याचं. तो दिसेल तेव्हा उपटा.

मासे सकाळीच का मेले, हे तुम्हाला कोडं वाटलं असेल. दिवसा झाडं पाण्यात प्राणवायू सोडतात, रात्री तीच तो घेतात. शेवाळही घेतं, तळाचं कुजणारं पानही घेतं. पहाटेपर्यंत साठा संपतो. त्यात पाणी तापलेलं. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांच्या पाण्यात सातच. वीस मासे, रोजचे मुरमुरे, कडुनिंबाचा पाला आणि एप्रिलची पहाट. मासे कोणत्या रोगाने गेले नाहीत, त्यांना श्वास मिळाला नाही. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर बादलीने डोहातलंच पाणी उचलून दोन फुटांवरून पुन्हा डोहात ओता, दहा-बारा वेळा. पंपाची, कारंज्याची गरज नाही. आपल्याकडे ऐन पहाटे वीज असेलच असं नाही.

या खेपेला दहा-बारा गप्पी मासे पुरेत. डासांसाठी आरोग्य खातं ते देतं, आशाताईंना विचारा, त्या मिळवून देतील. ते आपोआप वाढतात. त्यांना खायला घालायचं नाही. पोट भरलं तर ते डासांच्या अळ्या कशाला खातील? रोहू-कटल्याची बोटुकली कोणी आणून दिली तरी नको म्हणा, ती हातभर होतात. आणि गप्पी मासे नाल्यात, गावतळ्यात सोडू नका. ते दक्षिण अमेरिकेतले, आपल्या ओढ्यातल्या बारक्या माशांच्या घरात त्यांचं काम नाही. सांड पाइपाला जाळी लावा म्हटलं ते त्यासाठी.

आशाताईंनी टाकं रिकामं करायला सांगितलं ते योग्यच होतं. मासे नसलेलं, साचलेलं, हिरवं पाणी म्हणजे डासांची शाळाच. उन्हाळी-पावसाळी दिवसांत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण मासे आणि चतुर असलेल्या तळ्यातून डास फारसे निघत नाहीत. आभाळ भरून आलं की अंगणावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, पाहिलेत ना? ते मोसमी वाऱ्यांबरोबर फार लांबून आलेले असतात आणि येताच साचल्या पाण्यात अंडी घालतात. त्यांची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात, मोठी झाली की हवेतले डास. म्हणून मी तळ्यावर काहीही फवारू देत नाही. फारच गरज पडली तर बीटीआय नावाची जिवाणूंची पावडर मिळते. बीटी कापसातल्या बीटीच्याच कुळातली ती, डासांच्या अळ्यांना मारते, माशांना आणि बेडकांना काही करत नाही. आणि एकदा घराभोवती फिरून बघा: कूलरची टाकी, जुने टायर, रांजण, छतावरचं फुटकं टोपलं. डेंग्यूचा डास तळ्यापेक्षा या ठिकाणी जास्त होतो. आठवड्यातून एकदा ही सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची.

फवारणीचं निघालं म्हणून पोटतिडकीने सांगतो. तुमचं कपाशीचं वावर घराला लागून असेल तर वारा घराकडे असताना फवारू नका, आणि पंप, टोपी, कपडे तळ्याच्या आसपास धुऊ नका. कपाशीवरच्या काही औषधांचे चार थेंब या एवढ्याशा तळ्यातले मासे संपवायला पुरतात. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर गेले, हे कोणी विसरलेलं नाही. ज्या औषधाने माणूस जातो, त्यापुढे बेडकाची काय गत?

साप येतील का? बेडूक आले की पाणदिवड येईल, धामण येईल. दोन्ही बिनविषारी. नाग, घोणस, मण्यार आपल्याकडे आहेतच, तळं नसतानाही आहेत. काठाचं गवत कापलेलं ठेवा, जवळ लाकडाचा, विटांचा ढीग नको, रात्री बॅटरीशिवाय तिकडे जाऊ नका. चावलाच तर झाडपाला, मंत्र यात वेळ न घालवता थेट ग्रामीण रुग्णालय गाठा, प्रतिविष तिथे असतं.

वर्षभराचं काम फार नाही. आठवड्यातून एकदा जाळीच्या पळीने पाला काढा. सप्टेंबरात झाडं अर्धी कापा. मे महिन्याच्या शेवटी, डोह सगळ्यात लहान असतो तेव्हा, तळाचा गाळ अर्धाच काढून वांग्यांच्या वाफ्यात टाका. अर्धा राहू द्या, त्यात पुढच्या वर्षीची सगळी अंडी आणि बीजं असतात. भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांचा, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) तलावांचा, गाळही लोक असाच उन्हाळ्यात वावरात नेत आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पुष्कळ ठिकाणी गाळ काढायचा कोणी हे सैल पडत गेलं. तुमच्या तळ्याचा धनी कोण हा प्रश्न नाही. ते काम घरातल्या एकाने अंगावर घ्यावं. तुमचे मिस्टर काही बोलत नाहीत म्हणता, तर गाळाची दोन घमेली त्यांनाच उचलायला द्या.

राहिला कान्होबा. सासूबाईंची इच्छा मोडू नका, पण मूर्ती सरळ तळ्यात नको. प्लास्टरची असेल तर ती विरघळत नाही, आणि रंग पाण्यात उतरतो. यंदा अष्टमीला गावच्या कुंभाराकडून मातीची, बिनरंगाची मूर्ती आणा. तळ्याचंच पाणी एका मोठ्या घमेल्यात घ्या, घमेलं काठावर ठेवा, आरती तिथेच करा आणि सासूबाईंच्या हातून कान्होबा त्यात शिरवा. भुलाबाईचंही तसंच करता येईल. वरचं पाणी धोप्याला घाला. तळाशी बसलेली माती सावलीत वाळवून डब्यात ठेवा. कमळाला अशीच चिकट, शेणखत नसलेली माती लागते. फेब्रुवारीत कमळाचं घमेलं बदलाल तेव्हा कंद त्या मातीत लावा.